बारा ठिगळं

माझ्या मामाला अख्खा ट्रकतळ 'मास्तर' म्हणतो. शाळेत त्याने जेमतेम सहा वर्षं काढली, त्यातली दोन एकाच वर्गात, तरीही मास्तर. कारण ताडपत्री शिवणाऱ्यांत त्याच्या तोडीचा दुसरा माणूस नाही, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक आहे. कामाला कोणी नाव ठेवलं, तर तो गिऱ्हाइकाला काही बोलत नाही. घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून दोन दिवस मामीशी भांडतो. मामी त्याला ओळखून आहे. ती मीठ वाढवत नाही.

मी त्याची भाची. आई गेल्यावर त्याने मला घरी आणलं, बारावीपर्यंत शिकवलं, आणि पुढे काय करायचं असं मी विचारायच्या आत हातोडी देऊन ताडपत्रीच्या कडेला पितळी रिंगा ठोकायला बसवलं. त्याला आता अठरा वर्षं झाली. माझ्या उजव्या हाताचा अंगठा डाव्यापेक्षा रुंद झालाय. लग्नाचा विषय निघाला की मामी पाहुण्यांना आधी माझा डावा हात दाखवते.

आमचं दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. जमीन मात्र गुळगुळीत सिमेंटची, कारण ताडपत्री अंथरायची तर खाली खडा चालत नाही. दोन शिलाई मशिनं, एक लाकडी पेटी, पेटीत निरनिराळ्या जाडीच्या दाभणी, मेणाचे गोळे, रबरी सोल्युशनचे डबे. त्या सोल्युशनचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, उशांनासुद्धा येतो. पलीकडे टायरवाला, समोर चहाची टपरी, आणि मागच्या मैदानात ट्रक.

मामाची काम करण्याची एक पद्धत आहे, तिच्यावर सगळा तळ हसतो. दुरुस्त झालेली ताडपत्री घडी घालून तो कधी देत नाही. शेडच्या बाहेर लोखंडी सांगाडा आहे, त्याच्यावर ती भर दुपारी चढवायची. मग मामा तिच्याखाली सरपटत जाणार आणि जमिनीवर उताणा झोपणार. आतून त्याला जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे तो काठीने टोचतो, आणि बाहेरून मी त्या जागी खडूने फुली मारते. त्या ठिपक्यांना आम्ही तारे म्हणतो. "मास्तर कुठायत?" असं कोणी विचारलं की टायरवाला सांगतो, "तारे मोजतायत. या संध्याकाळी." गिऱ्हाइकाने एक फाटलेली जागा दाखवलेली असते, मामा आणखी पाच शोधून काढतो आणि सगळ्या बुजवतो. नको म्हटलं तरी बुजवतो. त्याला ते थांबवता येत नाही, जसं काही लोकांना दुसऱ्याच्या भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर बघवत नाही.

हे सगळं मी कौतुकाने सांगत होते. वर्षानुवर्षं असंच सांगत आले.

त्या आठवड्यात पेपरच्या पहिल्या पानावर नव्या कायद्याची बातमी होती. टायरवाला रोज सकाळी आमच्या बाकावर बसून मोठ्याने पेपर वाचतो. त्याला गिऱ्हाईक येईपर्यंत आमची सुटका नसते. राज्याच्या विधानसभेने माणसांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्धचा कायदा कडक केला होता. आतापर्यंत सीमेपलीकडची माणसं गाडीत लपवून नेताना कोणी सापडला, तर फार तर तीन वर्षं आत जायचा. आता कमीत कमी दहा. आणि नेलेल्यांपैकी कोणी दगावलं, तर वीसपासून जन्मठेपेपर्यंत. गाडी चालवणाराच नव्हे, तर जागा देणारा, पैसे लावणारा आणि गाडीत जाणूनबुजून फेरफार करून देणाराही त्यात अडकणार होता.

"ऐकलंत का मास्तर, फेरफार करून देणारा," टायरवाला म्हणाला. "म्हणजे तुम्हीपण आलात."

"मी कसला आलोय? पण झालं ते बरं झालं," मामा दाभणीत दोरा ओवत म्हणाला. "माणसं म्हणजे काय पोती आहेत? टाकली हौद्यात, आवळला दोर, की चालले! असल्यांना चौकात उभं करून फोडलं पाहिजे."

लंबू तिथेच चहा पीत बसला होता. लंबू म्हणजे आमचा अकरा वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, ट्रक ड्रायव्हर. एवढा उंच की आमच्या शेडच्या आडव्या पाइपावर त्याचं डोकं दर खेपेला आपटायचं आणि दर खेपेला तो पाइपाला शिवी द्यायचा. मामीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानेच तिला केबिनमध्ये बसवून, सगळे खड्डे चुकवत, अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लावून घरी आणलं होतं. त्याला दोन मुली. थोरलीच्या शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटला की तो आमच्याकडे शिवायला यायचा.

"पोटासाठी जातात हो माणसं, मास्तर," लंबू म्हणाला. "कोणी ढकलत नाही त्यांना."

"आणि नेणारा काय समाजसेवा करतो?"

लंबू हसला. ग्लास ठेवून उठला, पाइपावर डोकं आपटलं, शिवी दिली. मग ताडपत्री उतरवून आमच्या जमिनीवर टाकली. "हा एक कोपरा फाटलाय. फक्त कोपरा करा मास्तर, बाकी कुठे हात लावू नका. घाई आहे. परवा पहाटे गाद्या घेऊन निघायचंय."

"फक्त कोपरा," मामाने मान हलवली. ही मान त्याने आजवर शंभर जणांपुढे हलवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात कोपरा झाला. मग ऊन डोक्यावर आल्यावर आम्ही ताडपत्री सांगाड्यावर चढवली. मी म्हटलंसुद्धा, "मामा, तो फक्त कोपरा म्हणाला होता." तर म्हणतो, "त्याला काय कळतंय?" आणि गेला खाली.

"तारा," आतून आवाज आला. मी फुली मारली.

"अजून एक. अजून एक. अगं, इथे तर रांगच लागलीय!"

केबिनच्या मागे येणारी जी बाजू असते, तिथे ताडपत्रीवर एक सैल झापड लोंबतं, वाऱ्याने ते वर उडत होतं. ते उचलून पाहिलं तर त्याच्याखाली गोल भोकं. दोन बोटं सहज जातील एवढी. सहाची एक ओळ, तिच्याखाली सहाची दुसरी. मी एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड वितळून कडक झाली होती. तापलेली सळई टेकवली की ताडपत्रीची कड अशीच होते.

"मामा, ही फाटलेली नाहीत. कोणीतरी डाग देऊन मुद्दाम पाडलीत."

"मुद्दाम पाडू दे, नाहीतर उंदीर लागू दे. भोकाची ताडपत्री माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही."

आणि मग मी जे म्हणाले ते मला आजही सहन होत नाही. मी म्हणाले, "लंबूने गाद्यांना हवा खायला खिडक्या केल्यात वाटतं."

मामा आत उताणा झोपल्याझोपल्या खदखदून हसला. ताडपत्रीचं पोट हललेलं मला बाहेरून दिसत होतं. मीही हसले.

अख्खी दुपार आम्ही त्या भोकांवर घालवली. प्रत्येकाला दोन ठिगळं, एक बाहेरून, एक आतून, मध्ये सोल्युशन, आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण. हिशेबाने ती चोवीस ठिगळं झाली, पण मामा जोडीला एकच धरतो. बारा. रंग असा जुळवला की हात फिरवल्याशिवाय कळू नये. "ठिगळ दिसलं तर ते ठिगळ कसलं?" हे त्याचं नेहमीचं वाक्य. शेवटचा टाका मारून दोरा तोडताना तो शीळ घालत होता.

संध्याकाळी लंबू आला तेव्हा मामा घरी गेला होता. ताडपत्री मीच दिली. त्याला सांगणार होते की बाबा रे, तुझ्या खिडक्यापण बंद करून दिल्यात. पण तो फोनवर बोलत होता, कपाळाला आठ्या. मी तोंड उघडलं तर हातानेच 'बरं, बरं' केलं, घडी खांद्यावर टाकली आणि गेला. मी त्याच्या मागे चार पावलं जायला हवी होती. टायरवाल्याच्या दारापर्यंत. एवढंच अंतर होतं.

लंबू निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टायरवाल्याने पेपर वाचला नाही. तो आला, पेपर मामाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "लंबू."

फोटोत ट्रक होता, पेट्रोल पंपामागच्या उघड्या मैदानात. नव्या कायद्यामुळे हमरस्त्याच्या नाक्यावर कुत्री घेऊन तपासणी सुरू झाली होती आणि गाड्यांची रांग लागली होती. ती रांग बघून लंबूने ट्रक आडवाटेला घातला, मैदानात लावला आणि 'जरा वेळात येतो' म्हणून निघून गेला. तो आलाच नाही. उन्हात पाच तास ट्रक उभा. चारी बाजूंनी गाद्यांची भिंत, मध्ये पोकळ जागा, वर आमची ताडपत्री, आणि आत नऊ माणसं. पंपावरच्या एकाला आतून धडपडल्याचा आवाज आला म्हणून दोर कापले. तिघं गेलेली होती. त्यातला एक चौदा वर्षांचा. लंबूला दुपारी बसस्थानकावर पकडलं.

बातमीच्या वर मोठ्या अक्षरांत होतं, 'हवेसाठी एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं.'

मी सिमेंटवर बसले ती बसलेच. मामाने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग त्याने चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत वाचली. टायरवाला काहीतरी बोलत होता. अकरा वर्षं आपल्यात बसून चहा प्यायला, आणि काळीज बघा कसलं, हवासुद्धा ठेवली नाही, जनावराला नेतानासुद्धा माणूस फट ठेवतो. मामा त्याच्याकडे बघत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

टायरवाला गेल्यावर तो मला म्हणाला, "अगं, ठेवली होती ना त्याने."

मी त्याच्या मांडीवरचा पेपर उचलला.

"ठेवली होती," तो म्हणाला. "मी बुजवली."

चार दिवस दुकान उघडलं, पण मशीन चाललं नाही. मामा घरी ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. मीठ कमी आहे, असं एकदाही म्हणाला नाही, आणि त्यानेच मामी जास्त घाबरली. शेवटी तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं, मामा पोलिसांकडे जायचं म्हणतोय हेही.

"अहो, ऐका माझं," ती मामाला म्हणाली. "कायद्यात लिहिलंय ना, फेरफार करून देणारा? दहा वर्षं? तुम्ही एकसष्टचे आहात. तुम्हाला कोणी विचारलंय का? कोणी दारात आलंय का? मग तुम्ही कशाला आपण होऊन त्यांच्या दारात जाताय?"

"लोक त्याला राक्षस म्हणतायत."

"मग तो सांगेल की भोकं ठेवली होती म्हणून! त्याला तोंड नाही?"

हे आम्हा तिघांनाही कोडंच होतं. लंबू हे का सांगत नव्हता? पेपरात रोज येत होतं की आरोपी गप्प आहे, आरोपी म्हणतो मला काही माहीत नाही. आम्हाला वाटलं, घाबरलाय. आम्हाला वाटलं, त्याला कळलंच नसेल की भोकं कोणी बुजवली, आणि आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? अठरा वर्षं मी कापडाची भोकं बघतेय. कापड कुठून सुटलं, कशाने सुटलं, हे डोळे मिटून सांगते. पण कायदा कुठे पकडतो हे आमच्या घरात कोणाला कळत नव्हतं, आणि कोणाला विचारावं हेही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी मामाने धुतलेला सदरा घातला. मामीने दार अडवलं. त्याने तिला हळूच बाजूला केलं आणि म्हणाला, "तो मुद्दाम मारणारा नव्हता, एवढं मला सांगू दे. माझं व्हायचं ते होईल." मामी दाराला टेकून खाली बसली. मी त्याच्याबरोबर गेले.

तपास करणाऱ्या अधिकारी बाई माझ्यापेक्षा लहान असाव्यात. टेबलावर फायलींचा ढीग, खिडकीत वाळलेलं रोपटं. त्यांनी आधी कंटाळून ऐकायला सुरुवात केली. मामा उभ्याउभ्याच बोलत होता. "बाई, ट्रकवाल्याने भोकं ठेवली होती. बारा. ती मी बुजवली. त्याला न विचारता. त्याचा दोष नाही."

बाईंनी मान वर केली. "बसा काका. बारा म्हणालात? कुठल्या बाजूला?"

मामा बसला. कुठल्या बाजूला, किती अंतरावर, किती मोठी, सगळं त्याने सांगितलं. कामाचं कोणी नीट विचारलं की तो नीट सांगतो. बाईंनी विचारलं, फाटलेली होती की पाडलेली? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तापलेल्या सळईने पाडलेली, कडा वितळलेल्या. त्यांनी विचारलं, झापडाखाली, म्हणजे बाहेरून दिसणार नाहीत अशी? होय. दुरुस्तीला देताना तो काय म्हणाला होता, अगदी त्याचे शब्द सांगा.

"म्हणाला, फक्त कोपरा करा, बाकी कुठे हात लावू नका."

बाईंचं पेन भराभर चालत होतं. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसाला कोणी चहा देत नाही.

"माझं काय होईल?" मामाने विचारलं.

"तुमचं? काही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. कायद्यात जाणूनबुजून असं आहे. तुम्ही आमचे साक्षीदार."

"आणि त्याची शिक्षा कमी होईल ना आता?"

बाईंनी पेन ठेवलं. त्या वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्या सावकाश म्हणाल्या, "काका, तो पहिल्या दिवसापासून म्हणतोय की आत माणसं आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. हमालांनी गाद्या भरल्या, मी फक्त गाडी चालवली. त्याला फोनवर सांगणारा माणूस सापडला नाही, पैशांचा पुरावा नाही. वाचलेल्यांपैकी पाच जण तर तोंडच उघडत नाहीत, आणि जी एक बोलते तिचं त्याचा वकील खोडून काढणार. तो सुटायच्या बेतात होता." मग त्या म्हणाल्या, "गाद्यांना हवा कशाला लागते, काका?"

तेच. माझंच वाक्य. मी ज्यावर हसले होते तेच वाक्य सरकारी टेबलापलीकडून माझ्या तोंडावर आलं. मामाला मात्र लगेच कळलं नाही. तो चहाकडे बघत होता. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तो म्हणाला, "पण मी तर त्याच्या बाजूने सांगितलं." मी त्याला समजावलं. पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं. तिसऱ्यांदा तो पायरीवर बसला.

"मग परत जाऊन सांगू का, की भोकं नव्हती म्हणून?"

"खोटं सांगणार?"

लोक त्याला वळसा घालून चढत-उतरत होते.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "तिघं मेलीत."

सात महिन्यांनी साक्ष झाली. कोर्टाच्या फरशीवर आमची ताडपत्री अंथरली होती. पोलिसांनी मळकट पायांनी तिच्यावर उभं राहून कडा सरळ केल्या. मामा एरवी कोणाला ताडपत्रीवर चप्पल घालून चढू देत नाही, पण त्या दिवशी काही बोलला नाही. आतली बाजू वर होती. बाराही ठिगळांवर ओरखडे होते, वरच्या ओळीतल्या तिसऱ्या-चौथ्यावर सगळ्यात जास्त. नखांचे, आणि एका ठिकाणी दातांचे.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ही शिवण तुमची?"

"माझी."

"यातला एक तरी टाका उसवलेला दिसतो का तुम्हाला?"

मामा वाकला. गुडघे टेकले. त्याने बाराही ठिगळांवरून हात फिरवला, एकेक करून. घाई करू नका, असं न्यायाधीशांनी वकिलांना खुणेने सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, एक तरी, एक तरी सुटू दे.

"नाही," मामा म्हणाला. "एकही नाही."

तेव्हा लंबू उठला. इतके दिवस तो तोंड मिटून होता, वकिलाने पढवल्याप्रमाणे मान खाली घालून. तो उठला आणि त्या उंच माणसाचा आवाज चिरकला. "मास्तर, मी सांगितलं होतं ना! फक्त कोपरा करा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला! बाकी हात लावू नका म्हणून!"

त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली. तोपर्यंत न्यायाधीश लिहायला लागले होते. लंबूने आजूबाजूला पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला आमच्या सगळ्यांनंतर कळलं, आणि कळल्यावर तो लहान पोरासारखा तोंडावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या बायकोने मामाकडे बघितलं नाही. तिने फक्त धाकटीचे कान झाकले.

निकाल दीड महिन्याने लागला. वीस वर्षं. नव्या कायद्याखालची आमच्या भागातली पहिली शिक्षा म्हणून पेपरने अर्धं पान दिलं. सोबत मामाचाही फोटो, खाली 'जागरूक कारागीर'. तळावर दोघा-तिघांनी त्याची पाठ थोपटली. फोनवरचा माणूस कोण होता, गाद्यांचा मालक कोण होता, हे आजपर्यंत कोणाला सापडलेलं नाही. तो पेपर मी चुलीत घातला आणि मामीने मला अडवलं नाही.

पण निकालाच्या दिवशी आम्ही गेलोच नव्हतो. मला सांगायचं राहिलंय ते साक्षीच्याच दिवसाचं. साक्ष संपवून आम्ही बाहेर आलो, तर व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली होती. वाचलेल्यांपैकी बोलणारी ती एकटीच. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. हाताची नखं नवीन आलेली, वाकडीतिकडी. ती आमची भाषा थांबत थांबत बोलायची, पण नीट बोलायची.

मी मामाचा दंड धरला होता. तो त्याने सोडवून घेतला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ती भोकं मी बुजवली," तो म्हणाला.

"माहीत आहे. आत ऐकलं."

पुढे तीच बोलली. चढायच्या आधी ड्रायव्हरने ताडपत्री वर करून हाताने दाखवलं होतं, हवा इथून येईल. अंधारात नीट काही दिसलं नाही, पण त्याने सांगितलं म्हणजे असेल. तिच्या भावाला दमा होता. चौदा वर्षांचा. म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला तिथे बसवलं, बरोबर त्या जागेखाली. सगळ्यात चांगली जागा त्याला दिली. लोक चांगले होते, ती म्हणाली, कोणी भांडलं नाही.

मग तिने मामाकडे वर बघितलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्हाला ती दिसली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? कशासाठी असतील?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवत होतं, आणि मलाही. मी काय म्हणाले होते ते मी तिला सांगायला हवं होतं.

"कशासाठी ते मनातच आलं नाही," मामा म्हणाला. "गाद्या भिजतील, असं वाटलं."

अजून काहीतरी असेल, एवढं मोठं झालं त्याला अजून काहीतरी कारण असेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

"मग?" तिने विचारलं.

"मग काही नाही, बाई," मामा म्हणाला. "मग बुजवली."